सुरक्षेचा दाखला : इंग्लंडातील उंच इमारतींचा नवा हिशेब

गेल्या वर्षी लाभपंचमीच्या दिवशी, पेढ्या उघडून वह्यांवर शुभलाभ लिहून झाल्यावर, रविवार पेठेतील आमचे एक वयोवृद्ध सभासद हातात एक कागद घेऊन संघाच्या कार्यालयात आले. त्यांचे चिरंजीव लंडनमध्ये नोकरीस असून एका सतरा मजली इमारतीच्या नवव्या मजल्यावर त्यांनी घर घेतले आहे. तो कागद त्या इमारतीच्या व्यवस्थापकांनी सर्व रहिवाशांस धाडलेले पत्र होते. इमारतीच्या सुरक्षा-दाखल्यासाठी सरकारी नियामकाकडे अर्ज करावयाचा आहे, त्याकरिता प्रत्येक घराचे प्रवेशद्वार तपासण्यात येईल, आणि आपले दार नियमास धरून नाही असे प्रथमदर्शनी दिसते, असा त्यातील मजकूर होता. सभासदांनी आम्हांस विचारले, "काय हो, हा कर म्हणायचा की दंड? वास्तुशांतीच्या वेळी मी स्वतः पैसे घालून मुलाला नक्षीदार सागवानी दार करून दिले. उंबऱ्यावर तोरण बांधले. आता हे म्हणतात दार काढा. आमच्या दाराने त्यांचे काय वाकडे केले?"

त्यांच्या स्वरात राग होता आणि त्याहून अधिक दुःख होते. त्यांचे समाधान करता येईल एवढी माहिती त्या दिवशी आमच्यापाशी नव्हती. ती मिळविण्यासाठी आम्ही जे वाचले, विचारले व समजून घेतले, ते आमच्या व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे आज परदेशात उंच इमारतींत राहतात. आणि आपण स्वतःही वाडे सोडून बहुमजली घरांत राहावयास आलो आहोत. तेव्हा हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

दोन पहाटा

ह्या दाखल्याचे मूळ दोन दुर्घटनांत आहे. पहिली १९६८ सालची. पूर्व लंडनमध्ये 'रोनन पॉइंट' नावाची बावीस मजली इमारत नुकतीच उभी राहिली होती. कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या मोठमोठ्या फळ्या एकमेकींवर रचून ती बांधली होती. १६ मे रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी गॅसची शेगडी पेटविली. गळतीमुळे घरात साचलेल्या गॅसचा स्फोट झाला व बाहेरची भिंत उडून गेली. स्फोट मोठा नव्हता. ती बाई स्वतः वाचली. परंतु भिंतीचा आधार जाताच वरचे मजले खाली आले, त्यांच्या भाराने खालचे मजले कोसळले, आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा पत्त्यांच्या घरासारखा ढासळला. चारजण मृत्यू पावले. एका घरातील लहानशा चुकीने संपूर्ण इमारतीचा तोल जाऊ शकतो, हे त्या दिवशी इंग्लंडने पाहिले.

दुसरी घटना १४ जून २०१७ ची. पश्चिम लंडनमधील 'ग्रेनफेल टॉवर' ही चोवीस मजली इमारत १९७४ साली पूर्ण झालेली. तीत कमी उत्पन्नाची, नाना देशांतून आलेली कुटुंबे राहात. २०१६ मध्ये तिचे नूतनीकरण पूर्ण झाले, आणि इमारत उबदार व देखणी दिसावी म्हणून बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे आवरण चढविण्यात आले. ह्या पत्र्यांच्या दोन पातळ थरांमध्ये पॉलिएथिलीन नावाचे प्लॅस्टिक होते. आधी ठरविलेल्या जस्ताच्या पत्र्याऐवजी हा माल घेतल्याने सुमारे २ लक्ष ९३ हजार पौंडांची बचत झाली होती. त्या रात्री एक वाजण्यास काही मिनिटे असताना चौथ्या मजल्यावरील एका घरात शीतकपाटाला आग लागली. अग्निशामक दल तत्काळ आले. घरातील आग विझविण्यासारखी होती. पण ज्वाला खिडकीतून बाहेर पडून आवरणास भिडल्या आणि तेथून अर्ध्या तासाच्या आत इमारतीच्या माथ्यापर्यंत पोहोचल्या.

अशा इमारतींत रहिवाशांस दिलेला सल्ला 'घरातच थांबा' असा असे. प्रत्येक घर ही काँक्रीटची स्वतंत्र पेटी आहे, एकीतील आग दुसरीत जाणार नाही, हे त्यामागील गृहीत. आवरणाने ते गृहीतच जळून गेले होते. तरीही तो सल्ला मागे घेण्यास पावणेतीन वाजले. तोवर इमारतीतील एकुलता एक जिना धुराने भरला होता. बहात्तर माणसे मरण पावली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ते सर्व मृत्यू टाळता येण्यासारखे होते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

ह्या अहवालातील एक गोष्ट व्यापारी या नात्याने आमच्या मनाला फार लागली. माल तयार करणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांनी कसोट्यांचे निकाल दडविले व गिऱ्हाइकांची दिशाभूल केली, असा ठपका त्यात ठेवलेला आहे. खोटे वजन किंवा भेसळ ही पाप आहे हे आपल्या पेठेत लहान पोरासही ठाऊक असते. पण दाखल्याच्या कागदावर 'सुरक्षित' असे लिहून असुरक्षित माल विकणे हीही भेसळच होय, आणि तिचे माप तोळ्यामाशांत होत नाही, माणसांत होते.

कायदा

ग्रेनफेलनंतर डेम जूडिथ हॅकिट ह्या विदुषीकडे इमारतींच्या नियमांची तपासणी सोपविण्यात आली. त्या मूळच्या रसायन-अभियंत्या. मे २०१८ मध्ये त्यांनी अंतिम अहवाल दिला. ज्या उद्योगात एका चुकीने शेकडो माणसे दगावतात अशा उद्योगांची शिस्त त्यांना ठाऊक होती. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' ह्या तेलाच्या फलाटावर आग लागून १६७ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीने असे ठरविले, की सरकारने नियमांची यादी द्यावी व मालकाने ती पाळल्याचे सांगावे एवढे पुरेसे नाही. आपले ठिकाण सुरक्षित आहे हे आपणांस कशावरून समजले, हे मालकाने पुराव्यानिशी लेखी मांडले पाहिजे. ह्या लेखी मांडणीस इंग्रजीत 'सेफ्टी केस' म्हणतात. आपल्या जुन्या दरबारी भाषेत सांगावयाचे तर ही सुरक्षेची कैफियत होय. तेलाच्या फलाटावरील ही शिस्त माणसे राहतात त्या उंच घरांना लावणे, हे नव्या कायद्याचे सार आहे.

तो कायदा, 'बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट', २८ एप्रिल २०२२ रोजी संमत झाला. इंग्लंडात ज्या इमारतीची उंची किमान १८ मीटर आहे किंवा जिला किमान सात मजले आहेत, आणि जीत किमान दोन राहती घरे आहेत, ती 'अधिक जोखमीची इमारत' ठरली. अशा सुमारे साडेबारा हजार इमारती असाव्यात असा अंदाज होता. वापरात असलेल्या इमारतींची नोंदणी ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत करावयाची होती. प्रत्येकीस २५१ पौंड शुल्क होते, आणि त्यानंतर नोंदणीवाचून इमारतीत माणसे ठेवणे हा गुन्हा झाला. कायद्याच्या अंमलासाठी इमारत-सुरक्षा नियामक नेमण्यात आला. प्रारंभी हे काम तेथील आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीकडे सोपविण्यात आले होते.

नोंदणी ही केवळ पहिली पायरी. खरी परीक्षा पुढे, इमारत-मूल्यमापनाच्या दाखल्याच्या वेळी होते. एप्रिल २०२४ पासून नियामक एकेका इमारतीस अर्ज करण्याविषयी आज्ञापत्र पाठवू लागला. फार उंच इमारती, ग्रेनफेलसारखे आवरण अजून अंगावर असलेल्या, आणि रोनन पॉइंटच्या पद्धतीच्या व गॅसची नळी असलेल्या जुन्या इमारती आधी घ्यावयाच्या असे धोरण ठरले. म्हणजे दोन्ही दुर्घटना त्या यादीत आठवणीने बसविलेल्या आहेत. आज्ञापत्र आल्यापासून २८ दिवसांच्या आत अर्ज करावाच लागतो. योग्य कारणावाचून न केल्यास दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

अर्ज कोणी करावयाचा?

आपल्याकडे इमारतीस तडा गेला म्हणजे बांधणारा सोसायटीकडे बोट दाखवितो, सोसायटी नगरपालिकेकडे, आणि नगरपालिका बांधणाऱ्याकडे. इंग्लंडातही पूर्वी हेच होते. नव्या कायद्याने प्रथम माणूस ठरविला. इमारतीचा सामाईक भाग ज्याच्या मालकीचा आहे, किंवा ज्याच्यावर त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी आहे, तो 'उत्तरदायी'. असे अनेक असल्यास बाह्यांग व मुख्य ढाचा ज्याच्याकडे आहे तो 'प्रमुख उत्तरदायी'. अर्ज त्याच्याच नावाने जातो. व्यवस्थापक नेमता येतो, तज्ज्ञ बोलाविता येतात, परंतु जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. मुनीम कितीही हुशार असला तरी वहीवर सही शेटजींची असते, तसे हे आहे.

अर्जासोबत काय काय द्यावे लागते, ते थोडक्यात पाहू.

पहिले, सुरक्षेच्या कैफियतीचा अहवाल. इमारत कधी, कशी व कोणत्या मालाने बांधली, किती जिने, किती घरे. आग पसरण्याचा व ढाचा कोसळण्याचा धोका कोठे कोठे आहे. तो कमी करण्यासाठी काय केले आहे. आणि ते पुरेसे आहे असे कशावरून म्हणता, हे सर्व त्यात येते. कायदा ह्या दोनच धोक्यांकडे पाहतो, आगीचा फैलाव आणि ढाच्याचा बिघाड. पण त्यांच्याकडे खोलवर पाहतो. 'आमच्याकडे अग्निरोधक दारे आहेत' एवढे लिहून भागत नाही. ती कधी तपासली, किती सदोष निघाली, किती दुरुस्त झाली, उरलेली कधी होतील, हेही लिहावे लागते.

दुसरे, घटनांची वर्दी देण्याची व्यवस्था. माणसे मरण्यासारखा किंवा गंभीर जखमी होण्यासारखा धोका इमारतीत आढळला, तर तो नियामकास कळविणे सक्तीचे आहे. दुर्घटना घडेपर्यंत थांबावयाचे नाही. ती घडू शकेल असे दिसताच कळवावयाचे.

तिसरे, माहितीचा साठा. इमारतीचे नकाशे, वापरलेला माल, झालेल्या दुरुस्त्या, तपासण्यांचे अहवाल, हे सर्व संगणकावर, अद्ययावत, सुरक्षित आणि गरजवंतास मिळेल अशा रीतीने ठेवावे लागते. इंग्रजीत यास 'सोनेरी धागा' असे काव्यमय नाव आहे. आम्हांस मात्र ते वाचताना आपल्या चोपड्यांचीच आठवण झाली. रोजमेळ रोज लिहावा, खतावणी वेळेवर करावी, जुनी वही फाडू नये, आणि पेढी मुलाच्या हाती देताना वह्या पूर्ण द्याव्यात, ही आपली रीत. इंग्लंडातील कित्येक इमारतींचे मालक अनेकदा बदलले होते, आणि प्रत्येक बदलात काही कागद हरवले होते. भिंतीच्या आत काय आहे हे मालकासच ठाऊक नाही, अशी अवस्था होती. मग भिंत फोडून पाहावी लागली. ज्याने वही नीट ठेवली नाही त्यास ताळेबंद मांडता येत नाही, इमारतीचेही तसेच.

चौथे, रहिवाशांना सहभागी करून घेण्याची लेखी योजना. ग्रेनफेलचे रहिवासी कित्येक वर्षे तक्रारी करीत होते. त्यांस कटकटे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. म्हणून आता रहिवाशांस माहिती कशी द्यावयाची, त्यांचे मत कसे घ्यावयाचे आणि तक्रारीचा निकाल कसा लावावयाचा, हे आधी ठरवून लिहावे लागते.

अर्जाचे मूळ शुल्क प्रारंभी ३०२ पौंड ठेवण्यात आले; त्याशिवाय तपासनिसांच्या तासांप्रमाणे वेगळी आकारणी होते. म्हणजे कागद जितके अव्यवस्थित, तितके तास अधिक आणि बिल मोठे. पुष्कळ अर्ज पहिल्या खेपेस अपुरे ठरले. कागदांचे गठ्ठे पाठविले गेले, पण त्या कागदांतून निष्कर्ष काढणारा हात दिसला नाही. हिशेबाच्या पावत्या पिशवीत भरून विक्रीकर अधिकाऱ्यापुढे ठेवणारे व्यापारी एके काळी आपल्या पेठेतही होते. त्यांची जी गत होई तीच ह्यांची झाली.

दाखल्याचा अर्थ

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा दाखला मिळाला म्हणजे इमारत सुरक्षित आहे अशी सरकारने हमी दिली, असे नव्हे. तपासणीच्या वेळी उत्तरदायी व्यक्ती आपली कर्तव्ये पार पाडीत होती, एवढेच तो सांगतो. कर्तव्य दुसऱ्या दिवशीही पार पाडावे लागते. दाखला इमारतीत ठळक जागी लावावा लागतो, आणि निदान पाच वर्षांतून एकदा पुन्हा परीक्षा होईल अशी तजवीज आहे. दाखला नाकारला म्हणून रहिवाशांस घराबाहेर काढीत नाहीत. दोष सुधारावयास लावतात, आणि निर्णय मान्य नसल्यास दाद मागण्याची सोय आहे.

आम्हांस हा विचार मोलाचा वाटतो. भिंतीवर चौकटीत टांगलेला कागद पाहून निश्चिंत होण्याची सवय आपणांस आहे. दुकानाचा परवाना, वजनमापांचा शिक्का, विम्याची पावती, ही सर्व एकदा मिळाली की आपण त्यांच्याकडे पाठ फिरवितो. आगीला वाचता येत नाही. तिच्या दृष्टीने दाखला हा जळाऊ कागदच.

त्या दाराची गोष्ट

आता आमच्या सभासदांच्या दाराकडे वळू. उंच इमारतीत घराचे प्रवेशद्वार ही केवळ त्या घराची शोभा नव्हे. ते शेजाऱ्यांचे कवच आहे. तेथील नियमाप्रमाणे असे दार सामान्यतः निदान तीस मिनिटे आग अडवून धरणारे असावे, त्याच्या कडांना आगीत फुगून फट बुजविणाऱ्या व धूर रोखणाऱ्या पट्ट्या असाव्यात, आणि माणूस बाहेर पडताच ते आपोआप बंद व्हावे. घाबरलेला माणूस दार लावून घेत नाही, तो पळतो. दार उघडे राहिले तर धूर मार्गिकेत येतो, तेथून जिन्यात येतो, आणि वरच्या मजल्यांवरील माणसांची सुटकेची एकमेव वाट बंद होते. ग्रेनफेलमध्ये हेही घडले होते. अनेक दारांची आपोआप मिटण्याची कळ निकामी होती किंवा काढून टाकलेली होती. २०२३ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या नियमांनुसार ११ मीटरहून उंच इमारतींत घरांची प्रवेशद्वारे दर वर्षी आणि सामाईक दारे दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. सोळा वर्षांवरील प्रत्येक रहिवाशावरही कायद्याने कर्तव्य टाकले आहे : आपल्या वागण्याने धोका उत्पन्न करू नये, सुरक्षेच्या साधनांस हात लावू नये, आणि आवश्यक ती माहिती द्यावी.

हे सर्व आम्ही सभासदांना त्यांच्या पेढीवर बसून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एकच विचारले, "त्या मजल्यावर वर कोण राहतं?" आम्हांस अर्थातच ते ठाऊक नव्हते. त्याच रात्री त्यांनी मुलास दूरध्वनी केला. वरच्या मजल्यावर एक आजारी वृद्धा एकटीच राहते, असे मुलाने सांगितले. "मग दार बदल," एवढेच ते म्हणाले. ते नक्षीदार दार आता त्यांच्या मुलाच्या घरात आतल्या खोलीला बसविले आहे. तोरण नव्या दारावर आहे. इमारतीचा अर्ज गेला असून नियामकाने काही अधिक माहिती मागविली आहे. हे लिहीपर्यंत दाखला आलेला नाही.

खर्चाचा प्रश्न

इंग्लंडातील ह्या व्यवस्थेत सारे गोड आहे असे नाही. तेथे सदनिका बहुधा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकतात. जमीन व ढाचा दुसऱ्याचा असतो. ग्रेनफेलनंतर सदोष आवरण असलेल्या हजारो घरांचे व्यवहार अडले. २०१९ च्या डिसेंबरात बाह्यभिंतींच्या तपासणीचा एक नमुना-फॉर्म निघाला. तो नसेल तर अनेक पेढ्या घरावर कर्ज देईनात. रात्रभर जागून फेऱ्या मारणारे पहारेकरी ठेवावे लागले, आणि त्यांचे पगार रहिवाशांच्या माथी आले. ज्यांनी चूक केली नाही त्यांनीच भरपाई करावी, हा अन्याय होता.

२०२२ च्या कायद्याने तो काही अंशी दूर केला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी जे घर पट्टेदाराचे मुख्य निवासस्थान होते, किंवा ज्याची त्या देशात एकूण तीनपेक्षा अधिक घरे नव्हती, अशा पात्र पट्टेदारांवर सदोष आवरण काढण्याचा खर्च टाकता येत नाही. इतर ऐतिहासिक दोषांच्या खर्चासही मर्यादा आहे. सामान्य किमतीच्या घरांस ती लंडनमध्ये १५ हजार व अन्यत्र १० हजार पौंड. परदेशात गुंतवणूक म्हणून चार-चार घरे घेणाऱ्या आपल्या बंधूंनी ही अट नीट वाचावी. त्यांस हे संरक्षण मिळेलच असे नाही. घर घेण्यापूर्वी इमारतीची उंची, नोंदणी, दाखल्याची स्थिती आणि बाह्यभिंतीचा अहवाल, एवढे चार कागद मागून पाहावेत. सोने घेताना कसोटीवर घासून घेणाऱ्याने घर डोळे मिटून घेऊ नये.

आपल्या घरी

आता थोडे आपल्याकडे पाहू. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत 'उंच' गणली जाते. ही संहिता मार्गदर्शक आहे. प्रत्यक्ष बंधन राज्यांच्या व नगरपालिकांच्या नियमांनी येते, आणि मर्यादा ठिकठिकाणी निराळ्या आहेत. आपल्या अनेक सभासदांची घरे व गाळे पुणे, मुंबई, कोल्हापूर येथे आहेत. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू आहे. त्याने जबाबदारी मालक किंवा भोगवटादार ह्यांच्यावर टाकली आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून, ती चालू स्थितीत असल्याचे 'नमुना ब' मधील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावे लागते. आपल्या सोसायटीने हे दिले आहे काय, हा प्रश्न किती सभासद वार्षिक सभेत विचारतात? वाहनतळाच्या जागेवरून मात्र रात्री बारापर्यंत वाद चालतो.

उंची हाच एक धोका नव्हे. हैदराबादेत चारमिनारजवळ गुलजार हौज येथे १८ मे २०२५ रोजी पहाटे एका व्यापारी कुटुंबाच्या घराला आग लागून सतरा माणसे मृत्यू पावली. त्यांत मुले होती. खाली दुकान, वर राहते घर, आत-बाहेर जाण्यास एकच अरुंद वाट. ही रचना कोणाची? आपलीच. गणपत गल्लीत, खडे बाजारात, मारुती गल्लीत आपले आजे-पणजे असेच राहिले आणि आपल्यापैकी कित्येक अजून असेच राहतात. रात्री शटर ओढून घेऊन, किल्ली उशाखाली ठेवून आपण निजतो. मालाच्या रक्षणासाठी लावलेले कुलूप माणसांचे कारागृह होऊ नये.

दाराचे प्रकरण मिटल्यावर आमचे सभासद एका संध्याकाळी आम्हांस घेऊन टिळकवाडीतील स्वतःच्या इमारतीचा जिना चढले. पहिल्या मजल्याच्या वळणावर कोणाची तरी मालाची खोकी होती. दुसऱ्या मजल्यावर चपलांचे लाकडी कपाट. आगीच्या नळाच्या पेटीत केरसुण्या. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या खिडकीस पत्रा ठोकलेला. गच्चीच्या दारास भले मोठे कुलूप, आणि किल्ली कोणाकडे आहे हे चौघांस विचारूनही कळले नाही. खाली परतताना ते खोक्यांपाशी थांबले. खोक्यांवर त्यांच्याच पेढीचा शिक्का होता. क्षणभर आम्ही दोघेही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी खोकी गोदामात गेली. आठ दिवसांत गच्चीची किल्ली काचेच्या पेटीत दाराशेजारी आली. चपलांच्या कपाटावरून मात्र अजून भांडण चालू आहे.

ह्यास कायदा लागला नाही, शुल्क लागले नाही, नियामकही लागला नाही. एकाने जिना चढून पाहिले, एवढेच. आमची सर्व व्यापारी बंधूंना आग्रहाची विनंती आहे, की येत्या दिवाळीत वह्या बदलताना एक नवी वही इमारतीच्या नावाने घालावी. तीत पहिल्या पानावर जबाबदार माणसाचे नाव लिहावे. पुढे नळ, तारा, दारे, जिने, गच्ची, तपासणीच्या तारखा आणि खर्च यांची नोंद करावी. आणि पाडव्यास जसा नफ्यातोट्याचा विचार करतो तसा तिचाही करावा. जमेच्या बाजूस कदाचित कधीच काही दिसणार नाही. न लागलेली आग कोणत्याही खात्यात जमा होत नाही. पण पेढीचा खरा ताळा तेथेच जुळतो, असे आमचे नम्र मत आहे.